पडवीपर्यंत पोचेल अशी वायर

एस.टी.त वाहतूक नियंत्रक म्हणून मी आयुष्य काढलं. गणपतीच्या दिवसांत मुंबईहून सुटलेल्या जादा गाड्या, त्यांतून उतरणारी माणसं, माणसांपेक्षा जास्त त्यांच्या पिशव्या आणि पिशव्यांपेक्षा जास्त त्यांची भांडणं, हे सगळं ज्याने आपापल्या फलाटाला लावलं, त्याला घरातलं एक टेबल माजघरातून पडवीत हलवणं जड जाऊ नये, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. टेबल हललंही. मी आणि माझा मुलगा दीपेश, दोघांनी उचललं आणि पडवीच्या खिडकीशी नेऊन ठेवलं. राहिली फक्त वायर.

आमचा दीपेश मुंबईची नोकरी सोडून मालवणात परतला आणि मित्राबरोबर पर्यटकांना बोटीने समुद्रात फिरवून आणायचा धंदा करू लागला. त्याच्याबरोबर सूनबाई आली. प्राजक्ता मूळची डोंबिवलीची. कंपन्यांच्या जाहिरातींच्या फिल्मा कापायच्या, जोडायच्या, रंगवायच्या, हे तिचं काम. ते घरी बसून करता येतं म्हणून तर ती इकडे यायला तयार झाली. येताना तिने स्वतःचा संगणक आणला. संगणक म्हणजे पाटीसारखा मांडीवर घ्यायचा तो नव्हे. त्याच्या सीपीयूला एका अंगाला काच, आत निळे-जांभळे दिवे आणि गरगरणारे पंखे. तो पहिल्यांदा सुरू झाला तेव्हा सत्यवतीने, म्हणजे माझ्या पत्नीने, नकळत हात जोडले होते.

हे सगळं माजघरात बसवलं होतं, कारण तीन पिनांचं भोक फक्त तिथे, फ्रीजच्या शेजारी. पण इंटरनेटचा डबा पडवीच्या खिडकीत. तो बसवणारा माणूस म्हणाला होता की रेंज आहे ती इथेच, याच्या आत मिळाली तर तुमचं नशीब. चिऱ्यांच्या जाड भिंतींतून ते इंटरनेट माजघरात यायचं ते धापा टाकत. प्राजक्ताच्या मीटिंगमध्ये तिच्या साहेबांचं तोंड उघडं राहून तसंच थांबायचं, आणि ते पुढे काय म्हणणार होते याची वाट बघत बिचारी बसून राहायची.

एकदा मी तिच्यासाठी सोलकढीचा पेला घेऊन जात होतो. साहेबांचं तोंड त्या दिवशी नेमकं चालू होतं. ते म्हणत होते, "प्राजक्ता, हे असं किती दिवस? तिकडे जमत नसेल तर सरळ मुंबईला परत ये."

मी पेला घेऊन तसाच मागे फिरलो आणि स्वयंपाकघरात उभ्याने सोलकढी पिऊन टाकली.

प्राजक्ता परत गेली तर दीपेशही जाणार, हे सांगायला कुणी नको होतं. आणि घरात नुकता कुठे आवाज आला होता. सत्यवती बाजारातून बांगडे आणताना टोपली जड झाल्याची तक्रार आनंदाने करू लागली होती. मी तेव्हाच ठरवलं की टेबल पडवीत न्यायचं, इंटरनेटच्या डब्याच्या मांडीला मांडी लावून. वर खिडकीतून समोर समुद्र दिसतो तो वेगळाच. डोंबिवलीच्या मुलीला आणखी काय हवं?

दीपेश म्हणाला, "बाबा, वायर लांब लागेल. ऑनलाइन मागवूया."

"मालवणात दुकानं नाहीत?" मी म्हणालो. "मी आणतो."

हे वाक्य मी ज्या आवाजात बोललो त्या आवाजात पूर्वी गाड्या सुटत असत.

*

सुरुवात मी शिस्तीत केली. माजघरातल्या प्लगपासून पडवीतल्या टेबलापर्यंत सुतळी धरली, उंबरठा, चौकट, भिंतीचा कोपरा, सगळीकडे ती नीट वळवून घेतली, जिथे संपायला हवी तिथे गाठ मारली आणि सुतळी खुंटीला अडकवून आंघोळीला गेलो. आंघोळ करून येईपर्यंत सत्यवतीने त्या सुतळीने शेवग्याची झुकलेली फांदी कुंपणाला बांधून टाकली होती. गाठ कापून.

"तुमी सांगूक नको?" ती म्हणाली. "माका वाटला, रिकामी आसा."

पुन्हा मोजणं माझ्या स्वभावात बसत नाही. मी तसाच बाजारात गेलो. लांब म्हणजे लांब, असा अंदाज बांधून.

बाजारात गुरुदासचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. दुकानात एक बाकडं आहे आणि त्या बाकड्यावर कायम तीन-चार माणसं बसलेली असतात, ज्यांना विजेचं सामान कधीच नको असतं.

"या कंट्रोलरानू," गुरुदास म्हणाला. सगळं गाव मला कंट्रोलर म्हणतं. "काय होया?"

"वायर. बोर्ड लावलेली. भरपूर लांब."

"कित्याक होयी?"

इथे बाकड्याने कान टवकारले. आता मी 'संगणकासाठी' म्हटलं असतं, तर कोणाच्या, सुनेच्या का, सून नोकरी करते का, घरी बसून कसली नोकरी, मग जेवण कोण करतं, इथपर्यंतची सगळी स्थानकं घेत ती गाडी गेली असती. मी म्हणालो, "बत्तीक."

गुरुदासचा यात काडीचा दोष नाही. बत्तीला जी वायर द्यायची तीच त्याने दिली. पांढरी, बारीक, मऊ, गोंडस. तिच्या टोकाला तीन पिनांचा प्लग आणि दुसऱ्या टोकाला एका ओळीत भोकंच भोकं असलेला बोर्ड. मी ती घरी आणली, लावली आणि संगणक पडवीत सुरू झाला. साहेबांचं तोंड उघडलं तसं मिटलंही. प्राजक्ताने टाळ्या वाजवल्या. वायर मात्र इतकी उरली की तिचं वेटोळं करून, सुतळीच्या तुकड्याने बांधून, मी ते टेबलाखाली व्यवस्थित ठेवून दिलं. पाहणाऱ्याने म्हणावं, काय टापटीप आहे.

*

पहिला सल्ला भाईंचा आला. भाई आमचे पलीकडचे शेजारी. जहाजावर नोकरी करून निवृत्त झाले. जगातली कुठलीही गोष्ट निघाली की भाई तिला धरून पनामाच्या कालव्यात शिरतात. पडवीत येऊन त्यांनी वायर दोन बोटांत धरली आणि एखाद्या रोग्याची नाडी बघावी तसे डोळे मिटले.

"ही वायर नाय रे, ही शेवय," ते म्हणाले. "बोटीवर असली वायर दिसली तर कप्तान समुद्रात उडवी. पनामाक आसताना आमच्या..."

"भाई, चाललाहा मा सगळा?" मी म्हणालो.

"चालता तवसर चालता," भाई म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी स्वतः एक केबल घेऊन आले. बंदरावरच्या मोडीत काढलेल्या ट्रॉलरची. मनगटाएवढी जाड, काळी, आणि कोलंबीचा वास मारणारी. ती सरळ होती ती सरळच राहणार होती. आम्ही दोघांनी ती उंबरठ्याशी वाकवायचा प्रयत्न केला, तेव्हा तिने उसळी घेतली आणि अंगणात सत्यवतीने वाळत घातलेली आमसुलं सुपासकट उडवली. त्यानंतर भाई आणि केबल दोघंही काही दिवस आमच्या घरी आले नाहीत.

दरम्यान आमच्या मांजराला त्या वेटोळ्याचा लळा लागला. सकाळ झाली की ते टेबलाखाली जायचं आणि वायरीच्या वेटोळ्यावर अंगाची पुरचुंडी करून झोपायचं. प्राजक्ता त्याचे फोटो काढून मैत्रिणींना पाठवायची. मला तर अभिमान वाटायचा, की मी वेटोळंच असं केलंय, मांजरालासुद्धा आवडावं. मध्ये एकदा प्राजक्ता म्हणाली, "बाबा, सीपीयूला हात लावला की गुदगुल्या होतात." मी म्हणालो, नवीन जागा आहे, होईल सवय. हे वाक्य आठवलं की मला अजून घाम फुटतो.

हौसाबाई आमच्या डाव्या हाताच्या शेजारीण. विरजण मागायला म्हणून येतात आणि गावाची सगळी हकिगत विरजणासारखी ठेवून जातात. त्या दिवशी दुपारी त्या आल्या तेव्हा प्राजक्ता म्हणत होती की आज मोठी फिल्म तयार करायला लावली आहे, संगणकाला फार मेहनत आहे, तासभर कोणी हात लावू नका. पंखे भणभणत होते. सत्यवतीने बोर्डावरचं एक भोक रिकामं बघून त्यात मिक्सर लावला होता, कारण पडवीत वारा बरा. दुसऱ्या भोकात मी इस्त्री लावली होती, कारण तेही रिकामं होतं. इतकी भोकं दिली आहेत ती वापरायलाच ना, असा माझा सरळ हिशोब.

हौसाबाई विरजणाची वाटी हातात धरून टेबलाखाली बघत राहिल्या.

"गो सत्यवती," त्या म्हणाल्या, "ह्या मांजर हंय कित्याक झोपता?"

"तेका आवाडता," सत्यवती म्हणाली.

"आवाडता कसला? मांजर झोपता चुलीकडे. नायतर गरम रखयेत. नायतर उन्हात. हंय काय आसा?" एवढं म्हणून त्या वाकल्या, मांजराला मानेला धरून उचललं आणि वेटोळ्यावर हात ठेवला. हात ठेवला तसा उचलला. वाटी खाली पडली.

"अगो आये माझे! भाजलंय मी! बंद करा, बंद करा पयला!"

माझ्या हातातली इस्त्री तशीच राहिली. दीपेश बाहेर गेलेला. प्राजक्ता धावत माजघरात गेली आणि भिंतीतलं बटण बंद करून तिने प्लग ओढला. पंखे थांबले. तेव्हा कुठे आम्हाला तो वास आला, इतका वेळ इस्त्रीचा समजत होतो तो. मी वेटोळं उलगडायला गेलो तर ते उलगडेना. वायरीचे थर एकमेकांत वितळून चिकटले होते, आणि बांधलेली सुतळी एका बाजूने काळी पडली होती. टेबलामागे दीपेशने बोटीवरची लाइफ जॅकेटं रचून ठेवलेली. फोमची. हाताच्या अंतरावर.

मांजर रागाने अंगणात निघून गेलं.

त्या दिवशी जेवायला बसलो. ताटातल्या भाताकडे बघत राहिलो. पोरगी त्या टेबलाशी दिवस-दिवस बसत होती, पायात चपला नाहीत, आणि मी तिला म्हणालो होतो, होईल सवय. प्राजक्ताने माझ्या ताटात तळलेल्या सुरमईची तुकडी वाढली. "बाबा, तुम्ही मुद्दाम केलंत का?" ती म्हणाली. "माझ्यासाठी एवढी धावपळ केलीत. डोंबिवलीत कोणी माझं टेबलसुद्धा सरकवलं नव्हतं. जेवा आता."

आता वायर योग्य असेल तरच आणायची, हे मी तिथेच ठरवलं. आणि इस्त्री माजघरातच करायची.

*

बातमी कळताच भाई राग विसरून आले. येताना एक बल्ब, होल्डर आणि दोन तारा घेऊन आले. माजघरातल्या भोकांत त्यांनी तारा घातल्या तेव्हा बल्ब पेटला. मग एक तार काढून वरच्या मोठ्या भोकात घातली. बल्ब पेटला नाही.

"हे बघ," भाई म्हणाले. "वरच्या भोकात काय नाय. तुझ्या घराक अर्थिंगच नाय."

"पण भोक आहे की."

"भोक काय, माझ्या नाकाकय आसात. त्यातून वीज जाता?"

म्हणजे आमच्या घराचं तिसरं भोक इतकी वर्षं नुसतं शोभेला होतं. मी सदरा घालून वीज कार्यालयात गेलो. तिथल्या खिडकीत एक तरुण गृहस्थ होते. कार्यालयात आपण आपोआप शुद्ध बोलू लागतो, तसा मीही लागलो.

"मला अर्थिंगविषयी चौकशी करायची आहे."

"मीटर कोणाच्या नावावर आहे?"

"आनंदीबाई. माझ्या वडिलांच्या आत्या."

"त्यांना घेऊन या."

"त्या वारल्या."

"कधी?"

"मीटर बसला आणि थोड्याच दिवसांत."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीटरनेच त्यांचा घात केला. "मग इतकी वर्षं बिल कोण भरतं?"

"मी."

"त्यांच्या नावाने?"

"त्या स्वतः येऊ शकत नाहीत म्हणून."

गृहस्थ विचारात पडले. आधी नाव बदलून घ्या, त्यासाठी घरपट्टीची पावती आणा, वारसांची संमती आणा. संमती देणारे वारस कोण, हे आठवताना मला आत्याबाईंचे बडोद्याचे पुतणे आठवले, आणि त्यांच्याशी आमचं फणसाच्या झाडावरून काय झालं होतं तेही आठवलं. मी जरा चढ्या आवाजात म्हणालो, "अहो, माझ्या घराला आग लागायची वेळ आली होती. नाव कोणाचंही असो!"

आतल्या खोलीचं दार उघडलं. एक तिशीतल्या बाई बाहेर आल्या. दारावर पाटी होती, कनिष्ठ अभियंता. त्या माझ्याकडे निरखून बघत राहिल्या. मला वाटलं, आता कार्यालयात आरडाओरड केली म्हणून ऐकावं लागणार.

"तुम्ही एस.टी. स्टँडवर होतात का हो? माइकवर?"

"होतो."

"तरीच! आवाज ऐकला आणि मला एकदम घाईच झाली. कॉलेजला होते तेव्हा रोज ऐकलाय. काका, एकदा म्हणा ना. आमच्या सगळ्यांना ऐकू दे."

माणूस तक्रार घेऊन आला असताना त्याला असं काही करायला लावणं योग्य की अयोग्य, हा प्रश्न आहे. पण इतक्या वर्षांनी कोणीतरी विचारत होतं. मी घसा साफ केला. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्या. विजयदुर्गकडे जाणारी गाडी फलाटावर उभी आहे. प्रवाशांनी आपापल्या सामानासह..." रांगेतल्या शेवटच्या म्हाताऱ्याने खरोखरच पिशवी उचलली आणि तो दाराकडे निघाला. त्याला दोघांनी धरून परत आणलं.

सारिकाबाईंनी, हे त्यांचं नाव, मला आत बसवलं, चहा सांगितला आणि सगळं ऐकून घेतलं. वेटोळ्याचं सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बदलला.

"काका, पहिलं म्हणजे मीटरपर्यंत आमचं काम, त्याच्या पुढे घरातलं अर्थिंग तुमचं. ते परवाना असलेल्या वायरमनकडून करून घ्या. त्याला नाव बदलायची गरज नाही. नाव सावकाशीने बदला." मग त्या टेबलावर पुढे झुकल्या. "आणि वायर नुसती लांबी बघून घेऊ नका. तिच्यावर काय चालणार आहे ते बघून घ्या. जितकी लांब, तितकी जाड हवी. तांब्याची, आत तीन तारा, आयएसआयचा शिक्का. तिसरी तार अर्थिंगची, ती नसेल तर संगणकाचं अंग झिणझिणतं. जेवढी लागेल तेवढीच घ्या, वेटोळं ठेवायचं नाही, चटईखाली घालायची नाही, मध्ये जोड नको. आणि तिच्यावर इस्त्री तर..."

"नाही लावणार," मी म्हणालो.

"देवाची कृपा म्हणा, वेळेवर कळलं."

"हौसाबाईंची," मी म्हणालो. देवालाही त्याचा राग आला नसावा.

*

वायरमन लवू परसात आला आणि म्हणाला, "खड्डो मारूक होयो. पुरुषभर. त्यात पट्टी, कोळसो आणि मीठ."

एका लांब वायरीसाठी आपण बाजारात गेलो होतो आणि आता परसात पुरुषभर खड्डा पडणार, याची संगती लावत मी उभा राहिलो. भाईंनी कुदळ घेतली, दीपेशने पहार. सोलायच्या नारळांवर बसून सल्ले द्यायला वाडीतली आणखी माणसं आली. जांभा दगड फुटायला वेळ लागतो, त्यामुळे सल्ल्यांना भरपूर अवकाश मिळाला. कोळसा लोहाराकडून आला. मिठाचं काम भाईंनी अंगावर घेतलं, म्हणजे ते स्वयंपाकघरात गेले आणि सत्यवतीने खारातल्या कैऱ्यांसाठी भरून ठेवलेली खडेमिठाची अख्खी बरणी उचलून घेऊन आले.

"माझा मीठ!" सत्यवती मागोमाग.

"वहिनी, तुमच्या घराक वाचवतला ह्या मीठ."

"घर वाचतला, कैऱ्ये कशे वाचतले?"

एवढ्यात खड्ड्यातून आवाज आला. दीपेशची पहार कशात तरी रुतली आणि त्याच्या तोंडावर पाण्याचा फवारा उडाला. हौसाबाईंच्या घरी जाणारा नळाचा पाइप आमच्या परसातून जातो, हे सर्वांना माहीत होतं. कुठून जातो हे कोणालाच माहीत नव्हतं. आता कळलं.

हौसाबाई कुंपणाशी आल्या. भाजलेल्या हाताला अजून कोरफड लावलेली. खड्ड्याकडे, पाण्याकडे आणि माझ्याकडे त्यांनी पाळीपाळीने बघितलं.

"कंट्रोलरानू, मी तुमचा घर वाचयलंय, आणि तुमी माझा पाणी तोडलात?"

मी पुढे झालो आणि सगळ्यांसमोर त्यांना हात जोडले. माझी प्रतिष्ठा त्या खड्ड्यात, कोळशाच्या थरावर, मिठाच्या खाली, रीतसर पुरली गेली. पण हौसाबाई हसल्या. "असूंदे, असूंदे," म्हणाल्या, "विहीर आसा मा." लवू पाइप जोडेपर्यंत प्राजक्ताने आमच्या विहिरीचं पाणी कळशीने त्यांच्याकडे नेऊन ओतलं. तिला रहाट ओढता येत नव्हता. पहिल्या दोन कळश्या तिच्या ड्रेसवरच रिकाम्या झाल्या. हौसाबाईंनी कुंपणावरून शिकवायला सुरुवात केली, मग कुंपण ओलांडून आल्या. दुपारी सगळे आमच्या पडवीत जेवले. भात, माशाचं तिखलं आणि सोलकढी. कोणी बोलावलं नव्हतं आणि कोणाला बोलवायची गरजही नव्हती.

संध्याकाळी भाईंनी बल्बची तार वरच्या भोकात घातली. लख्ख पेटला. भाई असे उभे राहिले, जणू पनामाचा कालवा त्यांनीच खणला.

मग मी गुरुदासकडे गेलो. बाकडं भरलेलं होतं.

"कित्याक होयी?" गुरुदास म्हणाला.

"संगणकाक," मी मोठ्याने म्हणालो. "माझ्या सुनेच्या. ती घरी बसून नोकरी करते. जेवण आम्ही सगळे मिळून करतो."

बाकड्याला पुढे विचारण्यासारखं काही राहिलं नाही. उलट त्यातला एक मुलीचा बाप म्हणाला, "माझ्या चेडवाकय सांगतंय तसली नोकरी बघूक." गुरुदासने सांगितलं की सीपीयूच्या मागे बसणाऱ्या तोंडाची, अखंड, तीन तारांची जाड केबल मागवावी लागेल. मागवली. येईपर्यंत लवूने माजघरातलं भोक भिंतीतून पडवीच्या दारालगत, पावसाची झड लागणार नाही असं आतल्या बाजूला आणून दिलं. सत्यवतीची एकच अट होती, उंबरठ्यावरून वायर नको. तिन्हीसांजेला दिवा घेऊन बाहेर येताना तिला खाली बघायचं नव्हतं. लवूने केबल चौकटीच्या वरून पट्टीतून फिरवली. काळी, जाडजूड, शिक्का मारलेली. कुठे ताण नाही, कुठे वेटोळं नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी उद्‌घाटन. भाई, हौसाबाई, लवू, आम्ही. प्राजक्ताने आधी सीपीयूला उलटा हात लावून बघितला. "नाही झिणझिणत!" मग ती खुर्चीत बसली. समोर खिडकी, खिडकीत माडांच्या झावळ्या, मागे समुद्र, त्यावर कोवळं ऊन. मी एवढ्यासाठीच तर सगळं केलं होतं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो.

प्राजक्ताने डोळे बारीक केले. मग डोळ्यांवर हाताचा आडोसा केला. मग मान वाकडी केली.

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "समोरच्या उजेडात स्क्रीन काहीच दिसत नाही."

भाई पनामाकडे निघाले होते, ते वाटेतच थांबले.

"दीपेश, जरा तिकडून धर," प्राजक्ता म्हणाली. दोघांनी टेबल उचललं आणि सरळ फिरवलं. केबल चोख पुरली. आता तिची पाठ समुद्राकडे आणि तोंड घराकडे.

"अगो, पण समुद्र?" मी म्हणालो. एवढा खटाटोप, एवढा खड्डा, एवढं मीठ, आणि समुद्र पाठीमागे?

"तो असू दे मागे. मीटिंगमध्ये त्यांना दिसेल," ती म्हणाली. "मला इथून माजघर दिसतं, आई दिसतात, तुम्ही येता-जाता दिसता. आत एकटी बसून मला तेच नको झालं होतं."

मी वाकून, केबल कुठे ताणली नाही ना, ते बघितलं.

थोड्या वेळात मीटिंग सुरू झाली. आम्हा सगळ्यांना प्राजक्ताने दमात घेऊन बाहेर काढलं. आम्ही खिडकीखाली बसलो, डोकी खाली घालून, म्हणजे समुद्राच्या देखाव्यात येऊ नये. साहेबांचा आवाज न थांबता, न अडखळता येत होता. आधी त्यांना वाटलं की मागे समुद्राचं चित्र लावलंय. मग हौसाबाईंना राहवलं नाही. त्या उठून उभ्या राहिल्या, खिडकीतून डोकं आत घातलं आणि म्हणाल्या, "गो, न्ह्यारी केलंस मा?"

मी कपाळावर हात मारला. आतून प्राजक्ता म्हणाली, "केलंय, हौसाबाय. मिटिंग आसा, मगे येतंय."

साहेब हसत होते. "खरा समुद्र दिसतोय," ते म्हणाले. "मग काय प्राजक्ता, मुंबईचं काय ठरवलंस?"

माझ्या शेजारी सत्यवतीने माझं मनगट घट्ट धरलं. भाईंनी श्वास रोखला, तो मला ऐकू आला.

"नाही सर," प्राजक्ता म्हणाली. "इथे नीट बसले आहे मी."